टॉवर बसला तरी फाटक उघडलं पाहिजे: आडवाटेच्या रेडिओ टॉवर साईटवर दुरून चालणारं वाहन-गेट

पांदणीच्या टोकाला टॉवर उभा आहे. रात्रीपासून महावितरणची लाईन नाही, डीजी (डिझेल जनरेटर) उचलत नाही, बॅटरी बँक संपली आणि पहाटे टॉवर बसला, म्हणजे बंद पडला. टेक्निशियन बोलेरो पिकअपमध्ये डिझेलचे कॅन टाकून फाटकापाशी येतो, फोन काढतो, तर रेंज नाही. कारण रेंज याच टॉवरची होती. फाटकाच्या कुलपातली सिमही याच टॉवरला चिकटलेली. ज्या दिवशी आत जाणं सगळ्यात निकडीचं, नेमक्या त्याच दिवशी ‘रिमोट’ गेट मुकं होतं. मग कुलूप तोडलं जातं, आणि पुढे कित्येक महिने फाटकाला तारेचा वेढा असतो.

म्हणून या कामाची पहिली कसोटी हीच ठेवा: वीज नाही, नेटवर्क नाही, पाऊस पडतोय, अशा वेळी योग्य माणूस पाच मिनिटांत आत आणि चुकीचा माणूस बाहेर. खाली दिलेली प्रत्येक निवड या कसोटीवरून आली आहे. मापं मोबाईल, वायरलेस आणि छोट्या एफएम साईटसाठी आहेत. कुंपण साधारण १५ बाय १५ मीटरचं धरलंय.

आधी ठरवा: मोटर हवीच का?

आठवड्यात तीन-चार वेळा उघडणाऱ्या गेटला मोटर लावू नका, असं स्पष्ट मत आहे. पल्ला माणसाने हाताने ढकलावा, फक्त कुलूप दुरून सुटावं. मोटर आली की वीज जास्त लागते, पल्ल्यात कुणी चिरडू नये म्हणून सेन्सर लागतात आणि काळ्या मातीत खांब जरा हलला की मोटरच अडकते. सरकत्या गेटची रुळपट्टी तर पश्चिम विदर्भात लावूच नये. पहिल्या पावसात रुळात चिखल बसतो, ऑक्टोबरात तो विटेसारखा वाळतो.

मोटर लागतेच अशा जागा थोड्या: दिवसाला दहाच्या वर वाहनं येतात, किंवा डिझेल टँकरच्या एकट्या ड्रायव्हरने रात्री खाली उतरू नये असा नियम आहे. तिथे २४ व्होल्टची, अडथळा लागला की उलटी फिरणारी मोटर घ्या. फोटोसेलच्या (किरण अडला की गेट थांबवणाऱ्या सेन्सरच्या) दोन जोड्या लावा, एक ५० सेंटीमीटर उंचीवर पिकअपच्या बंपरसाठी आणि एक सव्वा मीटरवर, कारण उंच ट्रकच्या पोटाखालून खालचा किरण आरपार जातो. वाहन ओळखणारा जमिनीतला तारेचा लूप काँक्रीटच्या फरशीतच टाका. उघड्या काळ्या मातीत भेगांबरोबर त्याची तार तुटते. आणि कॅमेऱ्यात न पाहता कंट्रोल रूममधून गेट बंद करू नका. इथून पुढचं सगळं हाताने ढकलायच्या, दोन पल्ल्यांच्या गेटबद्दल आहे.

जागा आणि खांब

फाटक रस्त्याला चिकटून नको. नेहमी येणारं सगळ्यात लांब वाहन मोजा, त्यात दोन मीटर मिळवा आणि गेट तेवढं आत घ्या. छोटा टँकर येत असेल तर दहा मीटर. नाहीतर कोड टाकेपर्यंत टँकर पांदणीवर उभा राहतो, मागे बैलगाडी किंवा ट्रॅक्टर अडतो आणि शेजारच्या वावरवाल्याशी पहिलं भांडण होतं. पल्ले आतच उघडायचे. मोकळी रुंदी ४ मीटर ठेवा. रोजच्या पिकअपला तीन पुरतात, पण डीजी बदलायला हायड्रा (फिरती क्रेन) आली की साडेतीनमध्ये आरसा घासतो. ताणतारांचा टॉवर असेल तर वळणाच्या बाजूच्या अँकरपुढे दोन काँक्रीट भरलेले पाईप रोवा. रिव्हर्स घेताना ताणतारेला धक्का लागला तर गेटचा विषयच संपला.

खरा खर्च आणि खरी अक्कल खांबात लागते. अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा पट्ट्यातली काळी कापसाची माती पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडून आक्रसते. दोन खांब वेगवेगळे हलतात. वर १० मिलिमीटर जरी झुकले तरी कुलपाचा बोल्ट खाचेत जात नाही, आणि दोष मात्र इलेक्ट्रॉनिक्सला दिला जातो.

खोदताना १.२ मीटरच्या आत मुरूम लागला तर काम सोपं. ६०० बाय ६०० मिलिमीटरचा, दीड मीटर खोल खड्डा घ्या, तळ किमान ३०० मिलिमीटर मुरमात जाऊ द्या, १०० बाय १०० बाय ५ मिलिमीटरचा चौकोनी पोकळ खांब उभा करून एम२० काँक्रीट भरा. दोन खड्ड्यांना मिळून साधारण १.१ घनमीटर काँक्रीट, म्हणजे १:१.५:३ मिश्रणाला सिमेंटच्या नऊ गोण्या. खांबाचं वरचं तोंड वेल्डिंगने बंद करा; उघडं राहिलं तर आत पाणी साचून खांब जमिनीलगत आतून कुजतो.

मुरूम लागतच नसेल तर खड्डा मोठा करण्यात अर्थ नाही. तिथे खाली फुगा असलेला अंडर-रीम्ड पाईल घाला: ३०० मिलिमीटर व्यास, साडेतीन मीटर खोल, फुग्याचा व्यास खोडाच्या अडीचपट. आयएस २९११ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात हीच पद्धत आहे. काहीही केलं तरी दोन्ही खांब जमिनीखालून २३० बाय ३०० मिलिमीटरच्या आरसीसी बीमने बांधा. हलले तर दोघं मिळून हलतील, मधलं अंतर बदलणार नाही. बीमखाली ७५ मिलिमीटरची पोकळी सोडा, नाहीतर फुगलेली माती बीमच उचलते. भंडारा-गोंदियाकडच्या मुरमाड, तांबूस जमिनीवर एवढी यातायात लागत नाही; तिथे पाणी निघून जाण्याचा उतार जास्त महत्त्वाचा.

पल्ले: चोर कुलूप तोडत नाही, पल्ला उचलतो

प्रत्येक पल्ला २ मीटर बाय १.८ मीटर. चौकट ५० बाय ५० बाय ३ मिलिमीटर बॉक्स पाईपची, आत ५० मिलिमीटर चौकटीची वेल्डमेश जाळी. पत्रा ठोकू नका. ताशी १०० किलोमीटरच्या अवकाळी वाऱ्यात ३.६ चौरस मीटरच्या बंद पल्ल्यावर सुमारे १७० किलो जोर येतो. तो सगळा बिजागऱ्यांवर आणि बोल्टवर बसतो. शिवाय पत्र्यामागे कोण काय करतंय ते बाहेरून दिसत नाही, आणि साईटच्या चोरीत चोराला तेच हवं असतं.

बिजागऱ्या बेअरिंगच्या, वरची उलटी बसवा किंवा पिनेच्या वर जाड वॉशर वेल्ड करा. हे केलं नाही तर दोन माणसं पहारीने पल्ला उचलून बाजूला ठेवतात, कुलूप जसंच्या तसं. बाहेरून दिसणारा एकही नट पान्याने फिरता कामा नये. त्यावर वेल्डिंगचा टाका मारा. पल्ल्याखाली १०० मिलिमीटर फट ठेवा, खाली काँक्रीटची पट्टी. डुकरं पट्टीखालून उकरतात, म्हणून तिची खोली ३०० मिलिमीटर.

दुसरा पल्ला आतून जमिनीतल्या खुंटीने अडवतात. त्या खुंटीची नळी तळाशी उघडी ठेवून खाली फूटभर गिट्टी भरा. बंद तळाची नळी श्रावणात चिखलाने भरते, खुंटी वरच राहते, आणि मग कुलूप लागलेलं असूनही दोन्ही पल्ले ढकलून उघडतात. हा बिघाड बाहेरून दिसत नाही, कंट्रोल रूमच्या पडद्यावरही नाही, कारण तिथे बोल्ट ‘बंद’ दाखवतो.

गेटच्या बाजूला ९०० मिलिमीटरचा माणसाचा दरवाजा वेगळा द्या. आतून साधा दांडा दाबून उघडेल असा, विजेविना. आत असलेल्या माणसाला साप चावला, शॉक लागला, आग लागली, तर बाहेर पडायला कोड लागता कामा नये. दांड्याभोवती पत्र्याचं आडोसं करा म्हणजे जाळीतून तार घालून तो बाहेरून ओढता येणार नाही.

कुलूप

चुंबकी कुलूप नको. ते सतत वीज खातं, वीज गेली की सुटतं, आणि चुंबक व पट्टीत दोन-तीन मिलिमीटर फट पडली की पकड निम्म्याहून खाली येते. काळ्या मातीत फट पडणारच.

सोलेनॉईड बोल्टही (विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा) जपून. त्याची ओढ थोडी. वाऱ्याने किंवा पल्ल्याच्या ओझ्याने बोल्ट खाचेच्या कडेला दाबला गेला की सोलेनॉईड ‘टक्’ करतो, बोल्ट तिथेच. टेक्निशियन सहा वेळा कोड टाकतो आणि कोड चुकीचा म्हणून कंट्रोल रूमशी वाद घालतो. म्हणून गिअर मोटरवर चालणारा बोल्ट घ्या: १२ व्होल्ट, दोन-तीन सेकंदांसाठी एक-दीड अँपिअर, बोल्ट किमान १६ मिलिमीटर जाड. समोरची खाच उभी २५ मिलिमीटर लांब ठेवा म्हणजे खांब वर-खाली झाला तरी चालेल. पल्ल्याचा धक्का घ्यायला वेगळा थांबा द्या, तो भार बोल्टवर नको. एवढं करूनही कीपॅडशेजारी पाटी लावा: ‘आधी पल्ला आत दाबून धरा, मग कोड टाका.’

वीज गेल्यावर बोल्ट बंदच राहिला पाहिजे. हाताने उघडायची किल्लीची सोय पेटीआड, जाड पत्र्याच्या टोपणाखाली असावी. किल्लीची नक्कल बाजारात निघणार नाही असं कुलपाचं सिलिंडर घ्या. किल्ली क्लस्टर (आसपासच्या साईटच्या गटाच्या) ऑफिसात, क्रमांक घातलेल्या सीलबंद पाकिटात. टोपणाला मायक्रोस्विच लावा, म्हणजे किल्लीने उघडलं तरी नोंद होते. एका क्लस्टरच्या सगळ्या साईटना एकच किल्ली, आणि ती दगडाखाली किंवा जागामालकाकडे, ही जुनी पद्धत आजच बंद करा. नोकरी सोडून गेलेल्या प्रत्येकाकडे त्या किल्लीची नक्कल असते असंच धरून चाला.

उघडायचं कसं: मिस कॉल, रिमोट की कोड

ठरावीक नंबरवरून मिस कॉल दिला की रिले (विजेने चालणारा स्विच) चालवणारी बोर्डं स्वस्त मिळतात, बसवायलाही सोपी. पण येणाऱ्या कॉलचा नंबर खोटा दाखवता येतो, आणि एसएमएसने चालणाऱ्या बोर्डाचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, १२३४, राहतो. मिस कॉल फार तर ‘मी आलो’ ही वर्दी म्हणून ठेवा. ४३३ मेगाहर्ट्झचे ठरावीक कोडचे रिमोट दुकानात दहा मिनिटांत कॉपी होतात. घ्यायचेच तर दर वेळी कोड बदलणारे. गाडीचा फास्टॅग वाचून नोंद ठेवता येते, पण किल्ली म्हणून तो वापरू नका. गाडी चोरली की किल्लीही गेली.

आडवाटेच्या साईटला सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे वेळेवर आधारलेला कोड. फाटकातल्या कंट्रोलरकडे प्रत्येक टेक्निशियनची एक गुप्त किल्ली, तीच कंट्रोल रूमच्या सर्व्हरवर. दोघंही घड्याळ बघून तोच आकडा काढतात. मध्ये नेटवर्क लागत नाही. बँकेच्या आणि मेलच्या ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारा कोड याच पद्धतीचा. फक्त इथे तीस सेकंद चालत नाहीत. टेक्निशियनला कोड रेंज असलेल्या शेवटच्या गावातच घ्यावा लागतो, आणि तिथून साईट पावसात दीड तास लांब असू शकते. म्हणून मांडणी अशी करा:

१. कोड दर तासाला बदलतो; कंट्रोलर चालू तासाचा आणि मागच्या तीन तासांचा कोड मान्य करतो.

२. आधी तीन अंकी कर्मचारी क्रमांक, मग आठ अंकी कोड. सहा अंक पुरत नाहीत. चार कोड एका वेळी चालतात. दर दहा मिनिटांना पाच प्रयत्न धरले तर दिवसाला ७२० होतात, आणि वर्षभर कुणी चिकाटीने बसला तर सहा अंकी कोड लागण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. आठ अंकांना तीच सुमारे एक टक्का.

३. पाच चुकांनंतर कीपॅड दहा मिनिटं बंद आणि कंट्रोल रूमला इशारा. यापेक्षा जास्त वेळ बंद ठेवू नका. गुरं चारणारी पोरं बटणं दाबून जातात आणि अडकतो तो खरा माणूस.

४. एक कोड तीन वेळा उघडतो. ‘एकदाच चालेल’ हा नियम कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात टेक्निशियन गाडीतून फिल्टर आणायला बाहेर येतो, मागे पल्ला लागतो आणि तो रेंज नसलेल्या जागी बाहेर उभा.

५. गुप्त किल्ली टेक्निशियनच्या फोनमध्ये द्यायची नाही. कोड कंट्रोल रूमनेच सांगायचा, तोही तिकीट क्रमांक विचारून. मग माणूस नोकरी सोडून गेला की फाटकापर्यंत न जाता त्याचा प्रवेश त्या क्षणी संपतो.

सगळं घड्याळावर उभं आहे, म्हणून तिथे पैसे वाचवू नका. तापमानामुळे होणारी चूक भरून काढणारी डीएस३२३१ सारखी घड्याळाची चिप वर्षाला दोनेक मिनिटांहून जास्त चुकत नाही. साधं क्रिस्टल वर्षाला दहा मिनिटं चुकतं, अकोल्याच्या मे महिन्यात तापलेल्या पेटीत त्याहून बरंच जास्त. बटण सेल दर तीन वर्षांनी बदला. तो संपला आणि मुख्य बॅटरीही काढली की घड्याळ शून्यावर जातं आणि एकही कोड जुळत नाही. नेटवर्कवरून वेळ जुळवून घ्यायला हरकत नाही, पण पाच मिनिटांहून मोठी उडी कंट्रोलरने आपोआप मान्य करू नये.

कीपॅड बाहेर, रिले आत, हे विसरू नका. एकाच डब्यात कीपॅड आणि रिले असलेला स्वस्त संच खांबावरून उपटला की मागे दोन तारा सापडतात. त्या एकमेकींना टेकवल्या की गेट उघडतं. कीपॅड ते कंट्रोलर दुवा शक्यतो ओएसडीपी या पद्धतीचा, आकडे गुप्त करून पाठवणारं सुरक्षित चॅनेल चालू करून. विगँड या जुन्या पद्धतीच्या तारांवर आकडे उघडेच धावतात. कीपॅडचं तोंड उत्तरेकडे, वर छप्पर. पश्चिमेकडे तोंड केलेल्या धातूच्या बटणांना मेच्या दुपारी बोट लावता येत नाही. मग लोक पेनने टोचतात आणि बटणांचं रबर फाटतं.

सिम: रोजच्या दिवसासाठी

कोड अडीनडीला, रोजच्या दिवशी नेटवर्क हवंच. कुणी आलं, गेट किती वेळ उघडं राहिलं, बॅटरी किती, हे त्यावरूनच कळतं. मॉडेम ४जीचा घ्या. जिओकडे २जी नाही, त्यामुळे जुनी २जी बोर्डं त्या सिमवर चालत नाहीत. सिम यंत्रांसाठीची, १३ अंकी क्रमांकाची एमटूएम. ती कंपनीच्या खात्यावर असते. टेक्निशियनच्या नावावरची साधी सिम रिचार्ज संपून बंद पडते आणि ती कुणाच्या नावावर आहे हेच वर्षभराने आठवत नाही.

कुठल्या कंपनीची सिम, हे रेंजच्या दांड्यांवरून ठरवू नका. मॉडेमच्या पानावर सेल आयडी (सिम कुठल्या टॉवरला जोडली आहे तो क्रमांक) दिसतो. तो आपल्याच टॉवरवरचा असेल तर ती सिम ऐनवेळी कामाची नाही. टॉवर एकच आणि त्यावर तीन कंपन्या असतील तर तिन्ही एकदम जातील. अशा वेळी पाच-सात किलोमीटरवरच्या दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून दिशादर्शी लॉग-पिरिऑडिक अँटेना तीन-चार मीटर उंच लावा. देखभालीसाठी साईट बंद करायचा दिवस असेल तेव्हा मॉडेम दुसरा सेल पकडतो का ते पाहून घ्या. ही चाचणी दुसऱ्या कुठल्याच दिवशी होत नाही.

मॉडेमने स्वतःहून सर्व्हरला जोडायचं, एमक्यूटीटी (यंत्रांचे निरोप पाठवायची पद्धत) टीएलएसच्या गुप्त जोडणीवर, पोर्ट ८८८३, प्रत्येक साईटला वेगळं प्रमाणपत्र. बाहेरून पोर्ट उघडून ठेवू नका. ‘उघड’ आदेशावर वेळ लिहिलेली असावी आणि तीस सेकंदांहून जुना आदेश कंट्रोलरने फेकून द्यावा. नाहीतर रेंज परत आल्यावर सकाळचा अडकलेला आदेश रात्री अकराला पोचतो आणि बोल्ट सुटतो.

वीज

पल्ल्याला मोटर नसल्यामुळे हिशोब छोटा आहे. मॉडेम, कंट्रोलर आणि कीपॅड मिळून सरासरी २ वॅट, म्हणजे दिवसाला ४८ वॅट-तास. हालचालीवर जागा होणारा कॅमेरा धरून ६०. बोल्टचा खर्च नगण्य. १२ व्होल्ट ४२ अँपिअर-तासाची बॅटरी निम्मीच वापरली तरी चार दिवस निघतात. पावसाळ्यात दिवसाला तीन तासच पुरतं ऊन धरा, वायर-बॅटरीतली घट धरा, तर ३० वॅटचं पॅनेल कागदावर पुरतं. लावा मात्र ७५ ते १०० वॅटचं, कारण जुलैच्या झडीत सलग चार-पाच दिवस सूर्य दिसत नाही. तोंड दक्षिणेला, कल २० अंशांच्या आसपास. पॅनेल फाटकाच्या खांबावर ठेवलं तर चोरीला जातं. शेल्टरच्या छतावर किंवा चार मीटरच्या खांबावर ठेवा.

साईटच्या ४८ व्होल्ट प्लांटवरून (टॉवरची यंत्रं चालवणाऱ्या डीसी विजेवरून) वीज घ्यायची असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. तिथे धन टोक अर्थला जोडलेलं असतं. प्लांट उणे ४८ चा. बाजारातल्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये इनपुट आणि आउटपुटचं ऋण टोक एकच असतं. म्हणजे तुमच्या १२ व्होल्टचं ‘ग्राउंड’ अर्थपेक्षा ४८ व्होल्ट खाली. मॉडेमच्या अँटेनाचं कवच याच ग्राउंडला असतं. अँटेना खांबाला कसली की ठिणगी, आणि मॉडेम गेला. आयसोलेटेड (इनपुट आणि आउटपुट विजेने वेगळे असलेला) कन्व्हर्टरच घ्या आणि तो फाटकाजवळ ठेवा. शेल्टरमधून थेट १२ व्होल्ट पाठवले तर दीड चौरस मिलिमीटरच्या ४० मीटर केबलमध्ये दीड अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट गळतो आणि बोल्ट रेंगाळतो. फाटकाची स्वतःची बॅटरी तरीही हवीच. प्लांट शून्यावर आला तेव्हाच तर यायचंय.

अर्थिंग, झटका मशीन आणि प्रक्षेपण

टॉवरवर आकाशातली वीज पडते, तेव्हा आजूबाजूच्या जमिनीचा विद्युतदाबही क्षणभर चढतो. दोन्ही खांब २५ बाय ६ मिलिमीटर जीआय पट्टीने टॉवरच्या अर्थ रिंगला (टॉवरभोवती जमिनीत पुरलेल्या पट्टीला) जोडा, गेटखालून एक पट्टी आडवी न्या म्हणजे दोन्ही बाजू एका पातळीवर राहतील. बिजागरीवर विसंबू नका; ग्रीस आणि गंज दोन्ही अडवतात. खांब ते पल्ला लवचीक तांब्याची वेणी लावा. शेल्टर ते गेट तांब्याची तार जितकी कमी तितकं बरं. सोलर लावलं तर एकही लागत नाही, आणि जून महिन्यात बोर्ड जळण्याचं मोठं कारण तिथेच संपतं. अँटेनाच्या केबलवर आणि ४८ व्होल्टवर सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अर्थमध्ये वळवणारा) लावा. ढग गडगडत असताना गेटला हात लावू नये, हे पाटीवर लिहा.

रानडुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) आता धुऱ्याधुऱ्यावर सोलर झटका मशीन दिसतं. दर सेकंदाला हजारो व्होल्टचा ठोका. त्याची तार आपल्या कुंपणाला टेकली की कीपॅड आपोआप बटणं मोजू लागतो. त्या मशीनचं अर्थिंग आपल्या अर्थपासून किमान दहा मीटर दूर असावं. वावरवाल्याशी बसून, चहा घेऊन हे ठरवा. नोटीस पाठवून ठरत नाही. काही ठिकाणी कुंपणात थेट घरची लाईन सोडतात. ते बेकायदा आणि जीवघेणं आहे. शेजारची तार जाळीला टेकलेली दिसली तर गेटला हात लावण्याआधी मीटरने तपासा.

मध्यम लहरींच्या (एएम रेडिओच्या) मास्टजवळ कुंपणच अँटेना होतं. आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झची लहर सुमारे ५१२ मीटर लांब आहे. तिला जाळीचा मोठा वेढा पुरेसा असतो, आणि पल्ला उघडताना फटीत बारीक ठिणगी दिसते. गेटखालची आडवी पट्टी इथे दुहेरी काम करते. कंट्रोलच्या तारा कवचाच्या, कवच पेटीत शिरतानाच अर्थला, आणि रेडिओची लहर अडवणाऱ्या फेराईट रिंगमधून चार-पाच वेढे. मध्यम लहरींना ३१ क्रमांकाचं फेराईट मिश्रण, एफएमला ४३.

पेटी

आयपी६५ लिहिलेली पेटी धूळ आणि पाणी अडवते, पण भोकं उघडी राहिली तर मुंगळेही अडत नाहीत. केबलच्या प्रत्येक भोकाला ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं कडं), न वापरलेल्याला बूच. तोंड खाली. हवेच्या जाळीची भोकं एक मिलिमीटरहून बारीक, नाहीतर कुंभारीण माशी मातीचं घर रिलेवरच बांधते. रंग पांढरा, वर दोन इंच फट सोडून दुसरं पत्र्याचं छप्पर. उन्हात बंद पेटी ६० अंशांच्या पुढे जाते. साध्या बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, आणि लिथियम बॅटरीचं सर्किट तापल्यावर चार्जिंगच तोडतं.

ताब्यात घेण्याआधी

ठेकेदारासमोर हे करून बघा, त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. मॉडेमची अँटेना काढा आणि दोन तास आधी घेतलेल्या कोडने उघडा. पॅनेल झाका आणि चौथ्या दिवशी पुन्हा उघडा. पाच चुकीचे कोड टाकून इशारा पोचतो का ते पाहा. एका माणसाने पल्ला बाहेर ओढून धरलेला असताना बोल्ट सुटतो का? कीपॅड काढून मागच्या तारा टेकवा. काहीही व्हायला नको. पहारीने पल्ला उचलून बघा. आत उभं राहून, सगळी वीज बंद करून, माणसाच्या दरवाजातून बाहेर या. शेवटी गेट दहा मिनिटं उघडं ठेवा: कंट्रोल रूममधून ‘भाऊ, गेट लावलं का? फोटो टाका’ असा फोन यायला हवा. नाही आला, तर उघडझापीची नोंद होतेय पण पाहतंय कुणीच नाही.

वर्षाची फेरी

मृगाच्या आधी एकदा: खांबाभोवतीच्या भेगा मुरमाने भरा, दोन खांबांमधलं अंतर वर आणि खाली मोजून पेटीच्या झाकणामागे तारखेसह लिहा, अरेस्टरची खिडकी हिरवी आहे का पाहा, वेण्यांचे नट कसा. पोळ्याच्या सुमारास: खुंटीच्या नळीतला चिखल काढा, गेटसमोरचं गवत कापा, बिजागऱ्यांना ग्रीस. दिवाळीनंतर जमीन आक्रसू लागते, तेव्हा अंतर पुन्हा मोजा आणि खाच जुळवा. पॅनेलवरची कापसाची आणि तुरीच्या मळणीची धूळ पुसा. बॅटरीचा दाब पहाटे, ऊन पडायच्या आत मोजा. १२.२ व्होल्टच्या खाली सलग तीन दिवस दिसला, तर पुढच्या फेरीला बॅटरी घेऊनच निघा.